दुसऱ्या अंतऱ्यातली ओळ

आमचे अण्णा एस.टी.त कंडक्टर होते आणि ते गायचे. या दोन गोष्टी एका माणसात असतात याचं आमच्या घरात कुणाला काही वाटत नसे, बाहेरच्यांना वाटायचं. नाशिक-येवला गाडीवर त्यांची ड्यूटी असायची. सकाळी खाकी शर्टाच्या खिशाला पेन अडकवता अडकवता त्यांचं गुणगुणणं सुरू व्हायचं. शेजारी पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फिरायला लागला की त्या घरघरीतच ते आपला सूर धरायचे. आई भाकरी थापताना मान वर न करता म्हणायची, “आधी डबा घ्या, मग गा.” आई नामपूरकडची. नाशकात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, तरी राग आला किंवा फार आनंद झाला की तिच्या तोंडून अहिराणी बाहेर पडायची. एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, जरा जपून, पाहुण्यांसमोर बोलल्यासारखं.

आमचं घर पेठ नाक्याच्या पुढे, दोन खोल्यांचं. पुढे ओटा, मागे एकाचा फुलांचा मळा. गुलछडीचा वास संध्याकाळी खिडकीतून आत यायचा आणि आईच्या फोडणीत मिसळून जायचा. हिवाळ्यात आई कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी करायची, बरोबर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. अण्णा जेवताना बोलत नसत, पण घास चावतानाही त्यांचं डावं बोट ताटाच्या काठावर ठेका धरून असे. मी एकुलती एक. बारावी झाली होती, कॉलेजात नाव घातलं होतं, आणि वडील कंडक्टर आहेत हे मैत्रिणींना सांगायची वेळ आली की “एस.टी.त आहेत” एवढंच म्हणून थांबायची. पुढचं त्यांनी समजून घ्यावं, किंवा न समजावं. ते गातात हे तर मी कुणाला सांगतच नव्हते.

अण्णा हौशी गाणाऱ्यांच्या क्लबात कसे गेले ते सांगते. एकदा त्यांची गाडी विंचूरच्या अलीकडे बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत प्रवासी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसून होते, वैतागलेले. कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. अण्णांनी त्याला गप्प करायला म्हणून एक गाणं म्हटलं, मग दुसरं म्हटलं, मग लोकच सांगायला लागले की हे म्हणा, ते म्हणा. त्यांच्यात वैद्यकाका होते. बँकेतून निवृत्त झालेले, येवल्याहून मुलीच्या लग्नाची पैठणी घेऊन परत येत होते. गाडी नाशकात पोचल्यावर त्यांनी अण्णांना पत्ता दिला आणि म्हणाले, “आमच्याकडे महिन्यातून एकदा गाणाऱ्यांची बैठक असते. हौशी मंडळी. तुम्ही आलंच पाहिजे.” अण्णा घरी येऊन हे सांगताना तो कागद सारखा खिशातून काढत होते आणि परत ठेवत होते. आई म्हणाली, “जा ना मग. ड्रेस घालून जाऊ नका म्हणजे झालं.” ड्रेस म्हणजे खाकी.

गंगापूर रोडला वैद्यकाकांचा बंगला होता. खालच्या हॉलमध्ये गालिचा घालून पंधरावीस माणसं बसायची. डॉक्टर, प्राध्यापक, कारखान्यातले साहेब, त्यांच्या बायका. तिथे पेटी-तबला नव्हता. सीडी प्लेयर होता, दोन स्पीकर होते आणि माइक. प्रत्येकजण आपापली सीडी घेऊन यायचा. सीडीत गाण्याचं नुसतं संगीत, गायकाच्या आवाजाची जागा रिकामी; त्याला ते ट्रॅक म्हणायचे. त्या रिकाम्या जागेत आपण गायचं. अण्णांनी हे पहिल्यांदा पाहिलं आणि घरी येऊन मला म्हणाले, “सुमन, तुझ्या कॉम्प्युटरवर असं करता येतं का गं?” मामानं मालेगावहून त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे पाठवला होता. त्यात सीडी लिहिता येत होती. मी म्हटलं, “येईल की.” मला येत नव्हतं, पण त्यांनी मला असं काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

आणि मग आमची ट्रॅकची शोधाशोध सुरू झाली. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल इतकं ते कठीण होतं. मेनरोडच्या दुकानात तयार सीड्या मिळायच्या, कव्हरवर माइक धरलेली बाई. घरी आणून लावली की सगळं गाणं एकाच कीबोर्डवर वाजवलेलं. बासरीही त्याचीच, सारंगीही त्याचीच, आणि तबल्याच्या जागी पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखं काहीतरी. अण्णा पहिल्या ओळीलाच थांबायचे. “ह्याच्यावर गायचं म्हणजे पत्रावळीवर अत्तर सांडण्यासारखं झालं,” म्हणायचे. सायबर कॅफेत जाऊन मी इंटरनेटवरून ट्रॅक उतरवायची. एक गाणं उतरायला इतका वेळ लागे की कॅफेवाला येऊन मागे उभा राहायचा. ते घरी लावावं तर मोबाइलच्या रिंगटोनसारखं टिणटिण. क्लबातले लोक एकमेकांना सीड्या द्यायचे, त्या तर नकलेच्या नकलेच्या नकला. एका ट्रॅकमध्ये मध्येच कुणीतरी खोकलेलं होतं. एकात कुत्रं भुंकत होतं, आणि सबंध क्लब त्या कुत्र्यासकट ते गाणं म्हणायचा. काही चांगले ट्रॅक असायचे, पण त्यांची पट्टी इतकी उंच की अण्णांचा आवाज तिथे पोचायचाच नाही. मी पट्टी खाली आणायला शिकले, तर सतार सर्दी झाल्यासारखी वाजायला लागली. महिनोन्‌महिने आम्ही दोघं संध्याकाळी त्या कॉम्प्युटरपुढे बसायचो. पंखा बंद, आईला कुकर लावायची मनाई. आई दारात उभी राहून म्हणायची, “भात आता कॉम्प्युटरवरच शिजवा.”

माझ्या हाती शेवटी जी युक्ती लागली ती कॉम्प्युटर क्लासमधल्या एका मुलीनं सांगितली. गाण्याच्या मूळ सीडीत डाव्या आणि उजव्या स्पीकरचं संगीत थोडं वेगवेगळं असतं, पण गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो. एका बाजूतून दुसरी बाजू वजा केली की सारखं असलेलं ते निघून जातं. म्हणजे गायक जातो आणि वाद्यं राहतात. खरी वाद्यं, मूळ गाण्यातली. मी पहिल्यांदा ते करून अण्णांना ऐकवलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. व्हायोलिनं खरी होती. अकॉर्डियन खरं होतं. थोडा तळ गेला होता, ठेका पातळ झाला होता, आणि नीट कान लावला तर मागे कुठेतरी गायकाची पुसट सावली राहिली होती, तीन खोल्या पलीकडे कुणी गात असल्यासारखी. “ते राहू दे,” अण्णा म्हणाले. “मी गायला लागलो की ते ऐकू येणार नाही.” आणि आमच्या खोलीत, त्या बोटभर स्पीकरवर, खरंच ऐकू येत नव्हतं.

क्लबात त्या सीड्यांचा बोलबाला झाला. “हे ट्रॅक आणता कुठून तुम्ही?” असं डॉक्टरीणबाईंनी अण्णांना विचारलं आणि अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. मी त्यांच्यासोबत जाऊ लागले होते, प्लेयरची बटणं मीच दाबायची. तो हॉल, ती माणसं, चहाबरोबर येणाऱ्या काजूच्या बशा, ह्या सगळ्यात अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले असायचे, पाय दुमडून, जागा कमी व्यापत. पण गायला उभे राहिले की बाकीचे गप्प व्हायचे. मला त्या गप्प होण्याची चटक लागली होती. वडिलांबद्दल लोकांना सांगावं असं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदाच मला सापडलं होतं, आणि मी कॉलेजात सांगायला लागले होते.

वर्षातून एकदा क्लबचा जाहीर कार्यक्रम होई. त्या वर्षी तो एका कॉलनीच्या सभागृहात होता, रविवारी सकाळी. अण्णांना शेवटून दुसरं गाणं दिलं होतं, म्हणजे मानाचं. जुनं हिंदी गाणं; नाव सांगत नाही, ते गाणं मला अजून पूर्ण ऐकवत नाही. दोन अंतरे, आणि दुसऱ्या अंतऱ्यात एक ओळ अशी की ती वर वर चढत जाते आणि टोकाला जाऊन थांबते. अण्णांनी ती ओळ घरी शंभरदा घोटली असेल. मी ट्रॅक केला. आई आली होती, ठेवणीतली जांभळी साडी नेसून. माझ्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, मी बोलावलं होतं म्हणून. अण्णांच्या डेपोतले दोन-तीन जण मागच्या रांगेत होते.

सभागृहात भाड्यानं आणलेले स्पीकर होते, माणसाच्या उंचीचे. मी स्टेजच्या कडेला टेबलाशी बसले होते. ट्रॅक सुरू झाला आणि पहिल्या काही क्षणांतच माझ्या लक्षात आलं, त्या मोठ्या स्पीकरवर ती सावली सावली राहिली नव्हती. ध्रुवपदात अण्णांचा आवाज वर होता, चाललं. पहिला अंतराही निभावला. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाशी लागली, एवढंच. मग दुसरा अंतरा आला. मूळ गाण्यात तिथे आवाजाला खूप घुमारा दिलेला आहे, आणि तो घुमारा माझ्या वजाबाकीत गेलाच नव्हता. अंतऱ्याच्या पहिल्याच शब्दापासून सभागृहभर दोन आवाज झाले. मग ती वरची ओळ चढायला लागली, टोकाला पोचली, अण्णांनी श्वास घेण्यासाठी माइक जरा दूर केला, आणि तो दुसरा आवाज तसाच पुढे गात राहिला.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग मागून एक पुरुषी आवाज आला, “अहो, तुम्ही दमलात तरी तुमचं गाणं चाललंय.” आणि सगळं सभागृह हसलं. वाईट बुद्धीनं नाही. आता मला ते कळतं. एखादा माणूस केळ्याच्या सालीवरून घसरला की लोक हसतात, तसं ते हसणं होतं. अण्णा थांबले. ते थांबल्यावर तो आवाज आणखी स्पष्ट झाला, आणि मी बटण दाबेपर्यंत त्यानं पुढची अर्धी ओळ म्हटली. “कॅसेट लावून तोंड हलवतोय,” असं कुणीतरी म्हणालं, हळू म्हणालं, पण संगीत बंद पडलेल्या सभागृहात हळू बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं.

मी उठले. कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांच्या हातातला माइक घेतला आणि बोलायला लागले. की ही सीडी मी केलेली आहे, की मूळ गाण्यातला आवाज पुसायचा असतो पण तो पूर्ण पुसला जात नाही, की डावी बाजू आणि उजवी बाजू असते, की अण्णा स्वतःच गात होते, अगदी खरं गात होते, देवाशप्पथ. जितकं मी समजावत गेले तितकं ते थापेसारखं वाटायला लागलं, मला स्वतःलाही. माझ्या मैत्रिणी खाली बघत होत्या. अण्णा माझ्या बाजूला उभे होते आणि त्यांनी माझ्या कोपराला हात लावला, “बस, सुमन,” म्हणाले. मी बसले नाही. मी म्हटलं, “माझे वडील खोटं गात नाहीत.”

तेव्हा वैद्यकाका उठले. भला माणूस. परिस्थिती सावरावी म्हणून म्हणाले, “अरे, त्यात काय एवढं. साहेब, तुम्ही ट्रॅकशिवायच दोन ओळी म्हणा. तोच अंतरा म्हणा. प्रश्नच मिटला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माइक अण्णांना दिला. मला वाटलं, झालं, सुटलो. विंचूरच्या रस्त्यावर ट्रॅक कुठे होता?

अण्णांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलाच सूर चुकीच्या जागी लागला, फार वर. तो खाली आणायला गेले तर आवाज फाटला. थांबले, पाणी प्यायले. पुन्हा सुरू केलं, आणि घशातून नुसती हवा आली. मग त्यांनी माइक स्टँडला नीट अडकवला, तारेचा वळसा सरळ केला आणि म्हणाले, “आज जमत नाही. माफ करा.” आणि पायऱ्या उतरून आईशेजारी जाऊन बसले. शेवटचं गाणं दुसऱ्या कुणाचं तरी झालं. आम्ही ते पूर्ण ऐकलं, कारण मधून उठून जाणं आणखी वाईट दिसलं असतं. आई सबंध वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

घरी आल्यावर आईनं साडी बदलली, पिठलं टाकलं, आणि आम्ही तिघं जेवलो. अण्णांचं बोट ताटाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी डेपोत कुणीतरी म्हणालं असणार, कारण ते घरी आले तेव्हा फार हसून बोलत होते. येवल्याच्या गाडीत रोजचे प्रवासी होते, त्यांच्यापर्यंतही ते पोचलं. “कंडक्टरसाहेब, आज कुणाचा आवाज?” असं एक कांद्याचा व्यापारी विचारायचा म्हणे, रोज, न चुकता. अण्णांनी गुणगुणणं सोडलं. सकाळी आता नुसती गिरणी ऐकू यायची.

मी मात्र हट्टाला पेटले. मी एक सीडी तयार केली. तिच्यात आधी मूळ गाणं, मग आवाज पुसलेलं गाणं, मग नुसती ती सावली मोठी करून. ती घेऊन मी क्लबातल्या लोकांच्या घरी जायला लागले, सायकलवरून, दुपारी कॉलेज सुटल्यावर. बेल वाजवायची, आत बसायचं, त्यांच्या प्लेयरवर ती लावायची आणि समजावून सांगायचं. डॉक्टरीणबाईंनी सरबत दिलं आणि म्हणाल्या, “अगं, आम्ही कुठे काय म्हणतोय?” प्राध्यापकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “तांत्रिकदृष्ट्या पटतंय.” पण त्यांच्या डोळ्यांत दिसायचं की बापासाठी पोरगी किती करते आहे बिचारी. रोज संध्याकाळी मी अण्णांना सांगायचे, आज अमक्याकडे गेले, आज तमक्यांना पटलं. अण्णा “हं” म्हणायचे आणि पायमोजे काढत बसायचे. आई एकदा मला म्हणाली, “नको जाऊ आता. पुरे झालं. त्यासले झोप लागत नई.” मला वाटलं, ती लोकांमुळे म्हणते आहे.

अशा फिरण्यातच मला रशीदभाईंचा पत्ता लागला. ते जुन्या नाशकात राहायचे, एका ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला होता, ते घड्याळं दुरुस्त करायचे. कुणीतरी म्हणालं, खरे ट्रॅक हवे असतील तर खऱ्या माणसाकडून वाजवून घे. मी त्यांच्या दुकानात गेले, सीडी ऐकवली, सगळी हकीकत सांगितली. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही, पण हात थांबवला. “बेटा, ह्यातला जो आवाज राहिलाय ना, तो तर आंधळ्यालाही कळेल की सीडीतला आहे. एका वेळी दोन आवाज ऐकू आले म्हणजे दोन माणसं गात होती. सीधी बात आहे. मी येऊन सांगतो तुमच्या लोकांना. माझं ऐकतील, मी पस्तीस वर्षं स्टेजवर घालवलीत.” मला रडू यायचं बाकी होतं. मी त्यांना म्हटलं, आधी अण्णांना भेटा.

ते आले एका गुरुवारी दुपारी, अण्णांची सुट्टी होती. येताना अकॉर्डियन घेऊन आले, जुनं, काळ्या पेटीतलं. आईनं चहा केला. रशीदभाई तेच म्हणाले, की दोन आवाज म्हणजे दोन माणसं, मी क्लबात येतो आणि तुमची बाजू मांडतो. अण्णांनी कप खाली ठेवला.

“नका येऊ,” ते म्हणाले.

“का? तुम्ही गात होता ना?”

“गात होतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ती वरची ओळ आहे ना दुसऱ्या अंतऱ्यातली. ती चढताना माझा घसा अडकला. भीती वाटली एकदम. एवढे लोक, आणि साहेबलोक. आणि तेवढ्यात मागून तो आवाज आला. इतका सुरेख आला की बस. मी तोंड हलवलं. ती एक ओळ मी म्हटलीच नाही. त्यानं म्हटली. मी नुसते ओठ हलवले.”

आई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला हे ठाऊक होतं. तिला त्यांनी सांगितलं होतं, किंवा ती समोरच बसली होती म्हणून तिनं पाहिलं होतं.

“मग मी सगळ्यांच्या घरी जात होते तेव्हा?” मी विचारलं.

“तेव्हा मला सांगता आलं नाही. तू स्टेजवर म्हणालीस ना, माझे वडील खोटं गात नाहीत. त्यानंतर तर गळाच बंद झाला. दोन ओळी म्हणा म्हणाले, पण कुठून म्हणणार.”

मी त्या खोलीतून उठून मागच्या दारी गेले. मळ्यात बायका फुलं खुडत होत्या. मला प्रत्येक घर आठवत होतं. प्रत्येक बेल, प्रत्येक सरबताचा पेला, प्राध्यापकांचं ते “तांत्रिकदृष्ट्या”. सभागृहात लाज वाटली होती ती तापासारखी होती, अंगावर आली आणि उतरायला लागली. ही वेगळी होती, खाली बसणारी. आता ह्या वयात मला असं वाटतं की त्या दुपारी अण्णांनी जे केलं ते करायला मोठं काळीज लागतं, परक्या माणसासमोर, चहाचा कप समोर असताना. पण तेव्हा असं काही वाटलं नाही, आणि वाटलं होतं असं लिहिलं तर ते बरोबर होणार नाही. तेव्हा मला फक्त त्यांची लाज वाटली. आतून रशीदभाईंचा आवाज आला, “होतं असं. स्टेजवर होतं. चला, सूर द्या मला, कुठल्या पट्टीत गाता?” अण्णांनी सूर दिला नाही. रशीदभाई थोडा वेळ एकटेच वाजवत बसले आणि मग गेले.

त्यानंतर मी अण्णांशी लागेल तेवढंच बोलायची. जेवायला चला, चावी कुठे आहे, एवढंच. महिना सरत आला. क्लबच्या बैठकीच्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी पांढरा शर्ट घातला आणि मला म्हणाले, “येतेस?” मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, “जाय.” नुसतं एवढंच, पण अशा स्वरात की मी चपला घातल्या.

वैद्यकाकांच्या हॉलमध्ये आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी गात होतं. गाणं संपल्यावर सगळ्यांनी “या, या” केलं, जरा जास्तच आपुलकीनं. अण्णा बसले नाहीत. दाराशीच उभे राहून म्हणाले, “एक सांगायचं होतं. त्या दिवशी कार्यक्रमात मी गात होतो. पण दुसऱ्या अंतऱ्यातली वरची ओळ मी म्हटली नाही. आवाज आला नाही म्हणून तोंड हलवलं. पोरीला हे माहीत नव्हतं. ती तुमच्याकडे आली, तिनं जे सांगितलं ते तिच्या बाजूनं खरं होतं. तिच्याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये.”

मी त्यांच्या मागे उभी होते आणि जमिनीनं मला पोटात घ्यावं असं वाटत होतं. कुणाला कुठे पाहावं कळेना. डॉक्टरीणबाई बशीतले काजू सारखे करायला लागल्या. मला जाणवलं की त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो विषय केव्हाच सोडून दिला होता, आणि आता तो पुन्हा गालिच्यावर आणून ठेवल्याबद्दल त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. शेवटी वैद्यकाका म्हणाले, “बसा हो साहेब. चहा घ्या.” आम्ही बसलो. कुणीतरी पुढची सीडी लावली, तीच कुत्र्याची.

परत येताना आम्ही चालत आलो. रामकुंडाजवळच्या पुलावर अण्णा थांबले, कठड्याला हात टेकले. “तुला माझी लाज वाटली का गं आत?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “हो.”

“सभागृहात वाटली त्याहून जास्त?”

“जास्त.”

त्यांनी मान हलवली, जशी गाडीत एखाद्या प्रवाशानं उतरायचं गाव सांगितल्यावर हलवायचे. “वाटणारच,” म्हणाले. “पण आता तू माझ्यासाठी बोलते आहेस आणि मी तुझ्या मागे लपलोय, असं होणार नाही.” मग आम्ही पुढे चालायला लागलो आणि घर येईपर्यंत दोघंही काही बोललो नाही, पण ते न बोलणं महिनाभराच्या न बोलण्यासारखं नव्हतं.

अण्णांनी त्यानंतर पुन्हा कधी माइक हातात धरला नाही, असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. रशीदभाई गुरुवारी दुपारचे यायला लागले. गिरणी बंद असायची तेवढ्या वेळात आम्ही खोलीचं दार लावून, खिडकीवर गोधडी टाकून त्यांचं अकॉर्डियन टेपवर घ्यायचो. ठेक्याला त्यांचा भाचा असायचा. अण्णांच्या पट्टीत, अण्णांच्या श्वासाच्या जागा सोडून. आधी अण्णा नुसते ऐकत बसायचे. मग एका गुरुवारी त्यांनी सूर दिला. त्या ट्रॅकमध्ये व्हायोलिनं नव्हती, मोठा वाद्यवृंद नव्हता, पण मागे कुणाचाही आवाज नव्हता. पुढे त्या ट्रॅकच्या कितीतरी नकला गावात फिरल्या. आज माझी मुलगी फोनवर बोट फिरवते आणि कुठल्याही गाण्यातला गायक क्षणात नाहीसा होतो, मागमूस न ठेवता. ती मला ऐकवते, “बघ आई, किती क्लीन.” मी बघते, छान म्हणते.

कितीतरी महिन्यांनी वैद्यकाकांच्या हॉलमध्ये अण्णा तेच गाणं गायला उभे राहिले. मी प्लेयरशी होते. पहिला अंतरा झाला, दुसरा आला, ती ओळ आली. चढताना त्यांचा आवाज कापला, टोकाच्या खालच्या सुरावरच अडला, आणि तिथेच थांबला. तिथे दुसरं कुणी नव्हतं. अकॉर्डियन एकटंच वर जाऊन आलं. अण्णांनी श्वास घेतला, ओळीचा उरलेला भाग गाळला आणि पुढची ओळ बरोबर जागेवर धरली. गाणं संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिथे सगळ्यांना वाजवत तेवढ्याच. अण्णा घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “गेली की गं ओळ.”

मी म्हटलं, “हो, गेली,” आणि पुढच्या माणसाची सीडी लावली.